नौबत, सरनौबत आणि देवाची पाळी

‘नौबत’ हा शब्द मराठीत आपण दोन अर्थांनी वापरतो. देवळाच्या दाराशी झडते ती नौबत. आणि ‘काय ही नौबत आली!’ असे म्हणतो तेव्हा माणसावर ओढवलेला प्रसंग, तोही नौबतच. वरवर पाहता या दोन अर्थांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. परंतु मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘पाळी’ असा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे दोहोंचा सांधा जुळतो. पाळीपाळीने ठरल्या वेळी वाजते ते वाद्य नौबत झाले, आणि ज्याच्यावर जी पाळी आली ती त्याची नौबत झाली. आपल्या ‘पहारा’ या शब्दाचे कुळही असेच काळाचे आहे. दिवस आणि रात्र मिळून आठ प्रहर. एका प्रहराची राखण तो पहारा. राखण करणारा कायमचा नसतो, त्याची वेळ भरली की दुसऱ्याने येऊन उभे राहावयाचे असते, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी शब्दांतच बांधून ठेवली आहे.

राज्यकर्ते किंवा पुढारी बदलले म्हणजे ‘पहारा बदलला’ असे म्हणण्याची रूढी इंग्रजीत आहे, आणि आपल्याकडील वृत्तपत्रांनीही ती उचलली आहे. लंडनच्या राजवाड्यापुढे पहारा बदलण्याचा सोहळा पाहावयास देशोदेशींचे लोक जमतात. त्यात तांबडे डगले, वाद्ये, कवायत असा थाट पुष्कळ असतो. परंतु त्या सगळ्याच्या गाभ्याशी एकच साधी क्रिया आहे. जुन्या तुकडीचा नायक नव्या तुकडीच्या नायकाच्या स्वाधीन राजवाड्याच्या किल्ल्या करतो. वाद्ये वाजतात ती या क्रियेची जाहिरात म्हणून. राखणीची जबाबदारी या क्षणी या हातातून त्या हातात गेली, हे चारचौघांनी पाहावे आणि मध्ये एक पळही जागा सुनी राहू नये, हे त्या समारंभाचे प्रयोजन.

हे सारे परदेशचे म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. दक्षिणेतील पहाऱ्याच्या पाळीचा एक फार जुना बंदोबस्त आपल्याच सीमाभागात, गुलबर्ग्याच्या किल्ल्यात झाला. आणि त्या पाळीची मर्यादा मोडली तर काय होते याचा धडाही येथून जवळच, बिदरच्या किल्ल्यात मिळाला. गुलबर्ग्याचे नाव २०१४ पासून अधिकृतपणे कलबुर्गी असे झाले आहे; इतिहासाच्या ओघात मात्र जुनेच नाव येथे सोयीचे होईल.

बहामनी राज्याची स्थापना १३४७ साली झाली. पहिला सुलतान अल्लाउद्दीन हसन याने राज्य मिळविले. ते मांडून दिले त्याचा पुत्र पहिला महंमदशहा याने. त्याची कारकीर्द १३५८ ते १३७५. फिरिश्त्याने त्याच्या दरबाराची जी हकीकत दिली आहे, तीत राजवाड्याच्या पहाऱ्याचा तपशील आहे. सुलतानाची खासगी शस्त्रे सांभाळण्यास घरंदाज तरुणांतून निवडलेले दोनशे शिलेदार आणि त्यांच्या जोडीला ‘खासा खेल’ या नावाचे चार हजार निवडक शिपाई, असे हे बळ होते. पैकी पन्नास शिलेदार आणि एक हजार शिपाई एका वेळी राजवाड्यावर हजर असत. म्हणजे एकूण बळाचा बरोबर चौथा हिस्सा पहाऱ्यावर आणि तीन हिस्से मोकळे. राजधानीत असलेल्या मोठ्या सरदारांकडे या पहाऱ्याचे आधिपत्य येई, आणि त्याच्या मुख्याधिकाऱ्यास म्हणत ‘सरनौबत’. पाळीचा प्रमुख, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

या मांडणीतील शहाणपण ओळखावयास राजनीतिशास्त्राची मोठी गरज नाही. राजाला सर्वांत जवळचे भय त्याच्या राखणदाराचेच असते; कारण शत्रूला तट ओलांडावा लागतो, राखणदार आधीच आत असतो. तेव्हा राखणदारांचे चार भाग करावे, एकाचीच वस्ती दाराशी होऊ देऊ नये, आणि एका तुकडीवर दुसरीची नजर राहावी, हा त्यातील हेतू. रोमच्या बादशहांनी ही दक्षता घेतली नाही. त्यांची शरीररक्षक फौज राजधानीतच कायमची ठाण मांडून बसली, आणि १९३ साली त्या फौजेने बादशहा पर्टिनॅक्स याला ठार करून बादशाही पद लिलावात काढले व जास्त बोली देणाऱ्या डिडियस ज्युलियानस यास विकले.

महंमदशहाचा बंदोबस्त चांगला होता, तरी तेवढ्याने त्याचे घराणे निर्वेध झाले असे मात्र नाही. त्याचा पुत्र मुजाहिद याचा १३७८ साली चुलत्याने खून करविला. तो चुलता दाऊद महिनाभर गादीवर बसतो न बसतो तोच गुलबर्ग्याच्या मशिदीत नमाजाच्या वेळी मारला गेला. १३९७ साली तुघलचीन नावाच्या तुर्की गुलामाने तरुण सुलतानाचे डोळे काढले आणि दुसऱ्या मुलाला गादीवर बसवून स्वतः कारभार हाती घेतला. पुढे फिरोजशहाने त्याचा बंदोबस्त केला. दाराच्या पहाऱ्यास पाळी होती, सिंहासनाच्या वारशास मात्र कोणताच पक्का नियम नव्हता. त्यामुळे दारावरचा बदल वाद्ये वाजवून होई आणि आतला बदल अंधारात होई. बहामनी इतिहासातील बहुतेक रक्तपाताचे मूळ या विसंगतीत आहे.

फिरोजशहामागून त्याचा भाऊ अहमदशहा १४२२ साली गादीवर आला आणि त्याने राजधानी बिदरला नेली. बिदरच्या किल्ल्यात नौबतखाना म्हणून एक इमारत आजही दाखवितात. गावात चार रस्ते मिळतात तेथे चौबारा नावाचा एकाहत्तर फूट उंचीचा गोल टेहळणी मनोरा उभा आहे. त्यावरून चहूकडचा मुलूख नजरेत राहतो. बाहेरून येणाऱ्या शत्रूवर नजर ठेवण्याची व्यवस्था इतकी चोख होती. पण बिदरचा घात बाहेरून आलाच नाही.

महमूद गवान हा या दरबारचा सर्वांत थोर मंत्री. १४७२ साली त्याने बांधलेला मदरसा भग्नावस्थेतही पाहणाऱ्यास थक्क करतो. त्याची खरी थोरवी मात्र त्याच्या राज्यव्यवस्थेत होती. राज्याचे चार सुभे चार बलाढ्य सरदारांच्या हाती पिढीजात असल्यासारखे झाले होते. गवानने चारांचे आठ केले, आणि प्रत्येक सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवून बाकीचे किल्ले सुलतानाने नेमलेल्या किल्लेदारांच्या ताब्यात दिले. महंमदशहाने राजवाड्याच्या दाराशी जे केले, तेच गवानने साऱ्या राज्यात करावयास घेतले, असे म्हणावयास हरकत नाही. कोणालाही आपली जागा कायमची वाटू नये, हा त्यातील मतलब. ज्यांच्या जागा कायमच्या झाल्या होत्या, त्यांना तो मानवला नाही. गवानचा शिक्का ज्याच्या हवाली होता त्या नोकरास त्यांनी वश केले, कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले फितुरीचे पत्र रचले. शहानिशा न करता तिसऱ्या महंमदशहाने ५ एप्रिल १४८१ रोजी गवानचा वध करविला. शिक्का सांभाळणारा तो नोकर हाही एक पहारेकरीच होता. तलवारीचा पहारा शाबूत असून शिक्क्याचा पहारा फुटला, आणि राज्य बुडावयास तेवढे पुरले.

पुढच्याच वर्षी तिसरा महंमदशहा वारला आणि त्याचा बारा वर्षांचा मुलगा महमूदशहा गादीवर आला. १४८७ साली बंडखोर राजवाड्यात घुसले, मूठभर तुर्की रक्षकांनी त्यांना थोपविले, आणि सुलतानाने बुरुजावर चढून जीव वाचविला. दुसऱ्या दिवसापासून शहरात सूडाची कत्तल सुरू झाली. या धामधुमीतून जो माणूस वर आला त्याचे नाव कासीम बरीद. हा जातीचा तुर्क. त्याने बहामनी चाकरीस आरंभ केला तो सरनौबत म्हणून. पाळी सांभाळणाऱ्यांचा हा प्रमुख १४९२ च्या सुमारास वजीर झाला, आणि मग त्याची पाळी संपलीच नाही. १५०४ साली तो मेला तेव्हा जागा दुसऱ्या कोणाकडे न जाता त्याचा मुलगा अमीर बरीद याच्याकडे गेली.

येथे जे घडले त्याचे स्वरूप नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. कासीम बरीदाने सुलतानाला मारले नाही, पदच्युत केले नाही, की स्वतःला सुलतान म्हणवून घेतले नाही. खुतब्यात नाव महमूदशहाचेच राहिले आणि फर्मानेही त्याच्याच नावे निघत राहिली. फक्त त्याच्या दाराशी जो उभा होता तो तेथून हलेनासा झाला. महमूदशहा १५१८ साली मेल्यावर अमीर बरीदाने नऊ वर्षांत चार सुलतान बसविले. त्यांतील शेवटचा कलीमुल्ला याने दिल्लीत नव्याने आलेल्या बाबराकडे गुप्तपणे मदत मागितली; ती गोष्ट फुटली तेव्हा तो विजापुरास व तेथून अहमदनगरास पळाला आणि परक्याच्या आश्रयाने मेला. राजाला स्वतःच्याच पहारेकऱ्यापासून सुटण्यासाठी पळावे लागले! दरम्यान विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड, गोवळकोंडे येथील सुभेदार आपापल्या जागी राजे होऊन बसले होतेच. जो रोग बिदरच्या दाराशी, तोच सुभ्यांत. बरीद घराण्यात ‘शहा’ ही पदवी उघडपणे घेतली ती तिसऱ्या पिढीच्या अली बरीदाने. १६१९ साली विजापूरकरांनी ते राज्य गिळले.

सरनौबत हा शब्द पुढे मराठी राज्यात ‘सरनोबत’ होऊन आला आणि तेथे त्याला फौजेच्या सेनापतीचा अर्थ चढला. नेतोजी पालकर, प्रतापराव गुजर, हंबीरराव मोहिते ही नावे कोणाला ठाऊक नाहीत? परंतु गडावरही सरनोबत असे, आणि तेथे त्या शब्दाचा राखणीचा मूळ अर्थ शिल्लक होता. सभासदाच्या बखरीत गडाची व्यवस्था सांगितली आहे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे सारख्या दर्जाचे अधिकारी, आणि तिघांनी मिळून कारभार करावयाचा. एकाने मनात आणले तरी त्याला गड शत्रूच्या हवाली करता येऊ नये, अशी ही योजना. पुढाऱ्याच्या योग्यतेवर भरवसा ठेवूनही त्याच्या जागेवर मात्र मर्यादा घालावी, हे शिवछत्रपतींनी जाणले होते. वतने वाटण्यास त्यांचा विरोध होता त्याचेही कारण हेच. पुढे वतने वाटली गेली, पेशवेपद एकाच घराण्यात वंशपरंपरेने चालू लागले, आणि १७४९ साली शाहू महाराज निवर्तल्यावर साताऱ्याचे छत्रपती गादीवर राहिले तरी त्यांचे राज्य पुण्यास राहावयास गेले. बिदरचाच धडा, भाषा तेवढी निराळी.

आता अगदी अलीकडचे उदाहरण. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि हैदराबाद संस्थान भारतीय सैन्याच्या हाती आले. तेव्हापासून आठ वर्षांत बिदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांवरचा पहारा चारदा बदलला. प्रथम जनरल चौधरी यांची लष्करी राजवट; नंतर वेल्लोडी यांचे मंत्रिमंडळ; १९५२ साली निवडणुकीने आलेले बी. रामकृष्णराव; आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेबरोबर म्हैसूर राज्याचे निजलिंगप्पा. त्याच दिवशी बिदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आणि जहीराबाद आंध्रात. भालकी, हुमनाबाद, औराद बिदरबरोबर राहिले. मराठी बोलणारी कितीतरी घरे या रेषेने दोन राज्यांत विभागली गेली, आणि ते शल्य अद्याप बुजलेले नाही. तरीसुद्धा ही पालटापालट ठरल्या दिवशी, दप्तरे मोजून देऊन-घेऊन झाली. त्यासाठी कोणाला बुरुजावर चढून जीव वाचवावा लागला नाही.

पहिला बदल मात्र असा झाला नाही, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. निजामाची सत्ता ढिली पडली आणि नवी अद्याप आली नव्हती, अशा काळात मे १९४८ मध्ये बसवकल्याणजवळच्या गोरटे गावात रझाकारांनी हत्याकांड केले. सप्टेंबरनंतर सूडाची पाळी आली. पुढे चौकशीस आलेल्या सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत मुसलमान वस्तीची सर्वाधिक हानी झाली म्हणून नोंदविले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांच्याबरोबर बिदर आणि गुलबर्गा हे आपले दोन्ही जिल्हे होते. जुना पहारा उठला आणि नवा उभा राहिला नाही, त्या मधल्या सुन्या जागेची किंमत दोन्हीकडच्या निरपराधांनी भरली. पहारा बदलताना एक पळही जागा सुनी राहू नये, या नियमामागे असे अनुभव असतात.

आता हा विषय आपल्या देवळांपर्यंत आणून ठेवतो. गोमंतकातील देवस्थानांपुढे नौबतखाना असतो, आणि ठरल्या वेळी तेथे चौघडा झडतो. तुळजापुरी भवानीच्या पुजाऱ्यांत पाळीकर आहेत. बिदर-गुलबर्ग्याकडील किती कुळांची ती कुलदेवता! देवाची सेवा पाळीने करावयाची ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली आहे, आणि कायद्यानेही ती मान्य केली आहे. पूजेचा हक्क ही नुसती सेवा नसून तीत मालमत्तेचाही अंश आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली अंगुरबाला मल्लिक यांच्या खटल्यात सांगितले. भावाभावांत घराची वाटणी भिंत घालून करता येते. देवाची तशी करता येत नाही. म्हणून जागेऐवजी काळाची वाटणी करतात: अमुक दिवस तुझे, अमुक माझे. हीच पाळी.

परंतु पाळी मिळाली म्हणजे देव मिळाला काय? हा प्रश्न कलकत्त्याच्या एका मल्लिक घराण्यात उपस्थित झाला होता. आपल्या पाळीच्या दिवसांत देवाची मूर्ती आपल्या राहत्या घरी नेण्याचा हक्क आपणास आहे, असे एका सेवेकऱ्याचे म्हणणे होते. १९२५ साली प्रीव्ही कौन्सिलने त्याचा निर्णय दिला. मूर्ती ही पाळीवाल्याने उचलून न्यावी अशी जंगम वस्तू नव्हे. देव ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे, आपण कोठे राहावे याविषयी त्या देवाचीही इच्छा मानली पाहिजे, आणि ती मांडण्यास निःस्वार्थ माणूस नेमला पाहिजे, असे त्या निर्णयाचे सार. कासीम बरीदाला हे कोणी सांगावयास हवे होते! पाळी तुझी, सुलतान तुझा नव्हे.

गोमंतकात पोर्तुगीज सरकारने १८८६ साली देवस्थानांसाठी मजानियांची नियमावली केली आणि १९३३ साली ती नव्याने लागू केली. तीनुसार महाजन आपल्यातून अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार निवडतात आणि त्यांची मुदत तीन वर्षांची असते. कर्नाटकाच्या १९९७ च्या धर्मादाय कायद्यातही व्यवस्थापन समितीला तीनच वर्षे दिली आहेत. पंढरपुरात शतकानुशतके बडव्यांकडे असलेला कारभार १९७३ च्या कायद्याने काढून घेतला. खटले चालले, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यावर शेवटचा पडदा पडला. या प्रत्येक कायद्याच्या बऱ्यावाईटावर दोन मते असू शकतात. वंशपरंपरेने सेवा करणाऱ्या घराण्यांनी वाईट दिवसांत, प्रसंगी जीव धोक्यात घालून, देव राखले आहेत, हे गोमंतकातून मूर्ती हलविणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या वंशजांना तरी सांगावयास नको. तथापि घराणे असो की निवडलेली समिती, पाळीचा नियम दोघांनाही सारखाच लागतो. निवडणुकीने आलेला माणूसही खुर्चीला चिकटला की बरीदच होतो, आणि पिढीजात सेवेकरी आपल्या दिवसाअखेर हिशेब देऊन बाजूला होतो तेव्हा तो खरा सरनौबत असतो.

वकिलीच्या धंद्यात देवस्थानांची भांडणे पुष्कळ पाहावयास मिळतात. त्यांत अपहाराची प्रकरणे लोकांना वाटतात तितकी नसतात. बहुतेक भांडणांच्या मुळाशी एक साधा प्रसंग असतो: मुदत संपलेल्या मंडळींनी किल्ल्या दिल्या नाहीत, दागिन्यांची यादी मोजून दिली नाही, कीर्दखतावण्या घरी ठेवल्या. विचारले तर उत्तर ठरलेले, ‘आमच्यामागे हे सांभाळणार कोण?’ हे म्हणणारी माणसे लबाड नसतात. त्यांनी देवळासाठी खस्ता खाल्लेल्या असतात, आणि आपल्यावाचून दीप विझेल असे त्यांना मनापासून वाटत असते. त्यांच्याविषयी आदर बाळगूनच म्हणावेसे वाटते की जो राखणदार आपल्यामागून येणाऱ्याला तयार करीत नाही, त्याने अर्धीच राखण केली. तरुणांनी तरी किल्ल्या मागताना जुन्यांचे ऋण चारचौघांत मान्य केले, तर त्या किल्ल्या देणाऱ्याला जड वाटणार नाहीत. लंडनच्या त्या समारंभातही जुन्या तुकडीला मानवंदना देऊनच नवी तुकडी उभी राहते.

गुलबर्गा जिल्ह्यातील गाणगापूर येथे भीमा-अमरजा संगमाजवळ श्रीनृसिंहसरस्वतींच्या निर्गुण पादुका आहेत. परंपरेप्रमाणे श्रीगुरूंनी गाणगापूर सोडले ते १४५९ च्या सुमारास, म्हणजे बहामनी सुलतान हुमायून गादीवर असताना. त्यानंतर या मुलखावर बरीदशाही, आदिलशाही, मोगल आणि निजाम येऊन गेले. पादुकांपुढचा दिवा लावणारे हातही या साडेपाचशे वर्षांत किती बदलले असतील! त्यांतील बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. पण प्रत्येकाने आपल्यापुढच्या हाती ती ज्योत दिली म्हणून ती तेथे आहे. आपापल्या गावच्या देवळात येत्या वार्षिक सभेला पदाधिकारी बदलावयाचे असतील, तर एवढे करावे: देवापुढे, महाजनांच्या समक्ष, दागिन्यांची यादी वाचून दाखवावी, किल्ल्या हातोहात द्याव्या, आणि त्या वेळी नौबत वाजवावी. ती त्याचसाठी आहे.